अंकुराची वाढ : वसंताच्या छायाचित्रांचा इतिहास

शालेय पुस्तकातील ऋतूंच्या तक्त्यात चैत्र-वैशाखासमोर 'वसंत' लिहिलेले असते आणि शेजारी फुले व पालवी यांचे चित्र असते. जावळी तालुक्याचे ठाणे असलेल्या मेढ्याच्या शाळेत हा तक्ता शिकवणाऱ्या शिक्षकाला एक अडचण येते. वेण्णा नदीच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर माघ-फाल्गुनापासूनच काटेसावर, पांगारा आणि पळस फुलू लागतात. पाठोपाठ कोशिंबाची तांबडीलाल पालवी दिसू लागते. इथपर्यंत तक्ता थोडाफार जुळतो. पण मेढ्याच्या दक्षिणेला, सुमारे १,२०० मीटर उंचीच्या कास पठारावर, याच दिवसांत जांभ्याचा उघडा खडक आणि वाळके गवत असते. तिथे फुलांचा हंगाम येतो तो श्रावण-भाद्रपदात. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद आणि वायतुरा असे ताटवे पाहायला लोक लांबून येतात. मग या गावाचा वसंत कोणता?

उत्तर कठीण नाही. पठारावरचा मातीचा थर पातळ असतो. पावसाळा सरला की त्यात ओल राहत नाही. रुजणे, वाढणे, फुलणे आणि बी टाकणे हा सारा संसार तिथल्या लहान रोपांना चार-पाच महिन्यांत उरकावा लागतो. उतारावरच्या झाडांची मुळे खोल गेलेली असतात आणि खोडात अन्नाचा साठा असतो. ती कोरड्या दिवसांतही फुलू शकतात. पाने गळालेली असल्यामुळे सावर-पळसाची लाल-केशरी फुले पक्ष्यांना दुरून दिसतात व परागीभवन साधते. म्हणजे एकाच खोऱ्यात दोन वसंत आहेत, एक झाडांचा आणि एक गवताळ पठाराचा.

परंतु हे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, याचे कारण कोणीतरी या गोष्टी पाहिल्या आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवली. फुले आणि पालवी यांची चित्रे माणूस फार पूर्वीपासून काढत आला आहे. त्या चित्रांत काळ कधी आणि कसा शिरला, हा विज्ञानाच्या इतिहासातला एक सुरस भाग आहे. त्यातले एक महत्त्वाचे पान मराठी आहे. ते चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते, पण विज्ञानाच्या तासाला क्वचितच येते.

कुंचला आणि वाळवलेली फांदी

सह्याद्रीतील फुलांच्या पद्धतशीर चित्रणाचा एक उत्तम नमुना पुण्याजवळ तयार झाला. दापोडी येथे मुंबई सरकारची वनस्पती-बाग होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८३८ पासून तिचे प्रमुख होते. पेशाने ते डॉक्टर होते आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे पहिले प्रमुख अधिकारी झाले. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. ही चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र नोंदले गेले नाही. पाकळीचा रंग, पानाची शीर आणि फळाचा छेद त्याने इतक्या नेमकेपणाने दाखवला आहे की, वनस्पती ओळखायला ती चित्रे आजही उपयोगी पडतात.

अशा चित्रात चित्रकार एक गोष्ट मुद्दाम करतो. तो कळी, उमललेले फूल, फळ आणि बी हे सर्व एकाच कागदावर मांडतो. निसर्गात ती एका वेळी दिसतीलच असे नाही. चित्रात काळ पुसला जातो आणि वनस्पतीचे 'कायमचे' रूप उरते. ओळख पटवण्यासाठी हे योग्यच आहे. पण ते फूल कोणत्या दिवशी उमलले, हे त्या चित्रावरून कळत नाही.

ती उणीव दुसऱ्या पद्धतीने भरून निघाली. वनस्पतीची फांदी दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची आणि खाली चिठ्ठीवर स्थळ, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहात आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात असे हजारो कागद आहेत. रंग उडालेला, पाकळ्या चुरगळलेल्या. दिसायला त्यात काही नाही. परंतु फुलासकट वाळवलेली प्रत्येक फांदी एक साक्ष देते : अमुक दिवशी, अमुक डोंगरावर, ही वनस्पती फुललेली होती. दापोडीच्या चित्राजवळ रूप आहे, वाळक्या फांदीजवळ तारीख आहे. दोन्ही एकत्र आणण्याचे काम छायाचित्राकडे यायचे होते.

पानांची पहिली छायाचित्रे

छायाचित्रणाच्या अगदी बाल्यावस्थेत वनस्पतीच कॅमेऱ्याच्या मदतीला आली. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने १८३० च्या दशकात चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पाने आणि फुले ठेवून ती उन्हात धरली. ऊन लागलेला कागद काळा पडला आणि पानाखालचा भाग पांढरा राहिला. कॅमेऱ्याशिवाय मिळालेले हे पानाचे छायाचित्र होते. १८४२ मध्ये जॉन हर्शेल याने लोहाच्या क्षारांवर आधारलेली निळ्या छपाईची पद्धत शोधली. अभियंत्यांच्या नकाशांची 'ब्लू प्रिंट' पुढे त्याच पद्धतीने निघू लागली. तिचा उपयोग करून ॲना ॲटकिन्स या बाईंनी १८४३ पासून समुद्रशैवालांच्या छायाप्रतींचे पुस्तक भागाभागांनी काढले. छायाचित्रे असलेले हे जगातले पहिले पुस्तक मानले जाते. ते वनस्पतिशास्त्राचे होते ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी.

भारतातही छायाचित्रण लवकर आले. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या हौशी छायाचित्रकारांपैकी एक होते. त्या काळात माणसांची, लेण्यांची आणि इमारतींची छायाचित्रे पुष्कळ निघाली. रानातल्या फुलाचे छायाचित्र काढणे मात्र अवघड होते आणि त्याची कारणे भौतिक व रासायनिक होती.

पहिले कारण वारा. त्या वेळच्या ओल्या काचेवर चित्र उमटायला बहुधा काही सेकंद लागत. इमारत तेवढा वेळ स्थिर राहते, माणसाला स्थिर बसवता येते. डोंगरउतारावरचे फूल कोणाचे ऐकणार? शिवाय काच ओली असेपर्यंत, म्हणजे काही मिनिटांतच, ती धुवावी लागे. त्यामुळे अंधारखोलीचा तंबू पाठीवर घेऊनच रानात जावे लागे.

दुसरे कारण अधिक उद्बोधक आहे. त्या काचेला निळा व जांभळा प्रकाश दिसे, हिरवा जेमतेम आणि लाल मुळीच दिसत नसे. परिणामी पिवळे फूल गडद येई आणि लाल फूल काळे. सह्याद्रीतला झाडांचा वसंत आहे तो पळस, पांगारा, सावर आणि कोशिंब यांचा, म्हणजे नेमका त्याच रंगांचा! पळसाचा भडकलेला बहर या काचेवर कोळशासारखा उमटला असता. कोशिंबाच्या कोवळ्या पानांत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य असते. पुरेसे हरितद्रव्य तयार होईपर्यंत ते पानाचे प्रखर उन्हापासून संरक्षण करते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. ती पालवीही काळीच दिसली असती.

१८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल याला आढळले की, लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तो लेप इतर रंगांनाही प्रतिसाद देतो. सर्व रंग जाणणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. १९०७ मध्ये फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंची रंगीत काच आणि १९३५ मध्ये कोडॅक्रोम फिल्म आली. वसंताचे रंग कॅमेऱ्याला दिसू लागेपर्यंत छायाचित्रणाचे जवळजवळ शतक उलटले होते.

या साऱ्या धडपडीत एका शिक्षकाचेही नाव घेतले पाहिजे. बर्लिनमध्ये कला शिकवणाऱ्या कार्ल ब्लॉसफेल्ट याने स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या आणि नेच्यांची गुंडाळलेली पाने यांची मोठी करून छायाचित्रे घेतली. निसर्गातील आकार विद्यार्थ्यांना फळ्यावर समजावता यावेत, एवढाच त्याचा हेतू होता. १९२८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि ते जगभर गाजले. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर दापोडीच्या चित्रांप्रमाणेच या छायाचित्रांतही वनस्पती थांबलेली आहे. कोंब कोवळा आहे, पण तो वाढत नाही.

डार्विनचे ठिपके

वाढ डोळ्यांना का दिसत नाही? घड्याळाचा तासकाटा फिरताना दिसत नाही, त्याच कारणामुळे. आपला डोळा आणि मेंदू फार मंद हालचाल ओळखत नाहीत. काटा आधी कुठे होता आणि आता कुठे आहे, यांची तुलना करूनच आपण तो फिरला असे म्हणतो. म्हणून वाढ पाहायची तर तुलनेची सोय हवी.

चार्ल्स डार्विन याने ती अत्यंत साध्या साधनांनी केली. रोपाच्या शेंड्याला तो काचेचा बारीक तंतू चिकटवी, समोर काचेची तावदानासारखी पाटी उभी करी आणि तंतूचे टोक पाटीवर जिथे दिसे तिथे ठराविक वेळाने ठिपका देई. ठिपके जोडले की शेंड्याच्या प्रवासाची रेषा मिळे. शेंडा सरळ वर न जाता गिरक्या घेत जातो, हे त्यातून स्पष्ट झाले. मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने केलेले हे प्रयोग १८८० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एका रोपासाठी रात्रीही उठून ठिपके द्यावे लागत.

पुढची पायरी उघड होती. ठिपक्याच्या जागी छायाचित्र घ्यायचे. चलच्चित्राचे यंत्र १८९५ नंतर सर्वत्र पसरले आणि १८९८ ते १९०० या काळात लाइपझिगमधील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने ठराविक अंतराने घेतलेली चित्रे भरभर दाखवून रोपांच्या हालचाली पडद्यावर आणल्या. १९१० मध्ये लंडनच्या पर्सी स्मिथ याने फुले उमलतानाचा चित्रपट काढला आणि तो सामान्य प्रेक्षकांनी उचलून धरला. हा स्मिथ तिथल्या शिक्षणखात्यात कारकून होता! या पद्धतीला आज टाइम-लॅप्स म्हणतात.

कुंडीतला वाटाणा

आता मुंबईकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला. जे. जे. कलाशाळेत चित्रकला आणि बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण असे त्यांचे शिक्षण झाले. पुढे गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी आणि मग लोणावळ्याला छापखाना, असा त्यांचा प्रवास आहे. प्रकाश, रसायने आणि छपाई या तिन्हींची जाण एकाच माणसात क्वचित सापडते. फाळक्यांजवळ ती होती.

ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी या विद्येचा ध्यास घेतला. कित्येक महिने ते रोज चार-पाच तास चित्रपट पाहत राहिले आणि उरलेल्या वेळात प्रयोग करत राहिले. त्याचा परिणाम त्यांच्या डोळ्यांवर झाला व काही काळ दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचारांनी ती परत मिळाली. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र मिळवून परतले. भोके पाडण्याचे यंत्र लागे, कारण कोरी फिल्म तेव्हा बिनभोकांची मिळे. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे पत्नी सरस्वतीबाई शिकल्या आणि पुढे कारखान्याचा मोठा भार त्यांनी उचलला.

'राजा हरिश्चंद्र' काढायला भांडवल हवे होते. हिंदुस्थानात चित्रपट तयार होऊ शकतो, यावरच लोकांचा विश्वास नव्हता. अशा वेळी फाळक्यांनी खात्री पटवण्यासाठी नट, पोशाख किंवा देखावे निवडले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा स्थिर केला आणि महिनाभर त्याची वाढ टिपली. बी रुजते, अंकुर वर येतो, पाने फुटतात आणि त्याचा वेल होतो. ही सर्व क्रिया पडद्यावर मिनिटभरात घडताना दिसली. या लघुपटाचे नाव 'अंकुराची वाढ'. तो निवडक लोकांना दाखवण्यात आला आणि यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया एका अंकुराच्या तारणावर घातला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हिशेब करून पाहू

फाळक्यांनी रोज एक चित्र घेतले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. चित्रपट एक मिनिटाहून थोडा मोठा होता, असेही त्याच ठिकाणी असते. आम्ही या दोन विधानांचा मेळ घालून पाहिला. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर द्यावे.

मूकपटाच्या काळात हाताने फिरवलेल्या यंत्रातून सेकंदाला साधारण १६ चित्रे जात. एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. एका फूट फिल्मवर १६ चित्रे बसतात, म्हणजे फिल्म लागली ६० फूट. रोज एकच चित्र घेतले असते तर तीस दिवसांत ३० चित्रे मिळाली असती आणि पडद्यावर सारा खेळ दोन सेकंदांच्या आत संपला असता. कर्ज देणाऱ्याला डोळे चोळायलाही सवड मिळाली नसती! महिन्याचे मिनिट व्हायचे असेल तर रोज ३२ चित्रे हवीत, म्हणजे रात्रंदिवस दर ४५ मिनिटांनी एक. फक्त दिवसाच्या उजेडातले बारा तास धरले तर दर साडेबावीस मिनिटांनी एक. किंवा रोज एकदाच कॅमेरा फिरवून दोन सेकंदांची पट्टी घ्यायची. मग मिनिट भरते, पण वाढ सलग न दिसता दर दोन सेकंदांनी उडी मारल्यासारखी दिसते.

यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी तीन अटी सुटत नाहीत. कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये आणि उजेड शक्यतो सारखा हवा. उजेड बदलला की पडद्यावर चित्र लुकलुकते. कुंडीतल्या रोपाला पाणी तर रोज घालावे लागते, तेही धक्का न लावता. महिनाभर हे व्रत पाळणारा माणूस केवळ चमत्कार दाखवायला निघालेला नव्हता, त्याच्या हाती प्रयोगशाळेची शिस्त होती.

याच सुमारास कलकत्त्याला जगदीशचंद्र बसू वनस्पतींच्या वाढीचे मापन करत होते. पुढे त्यांनी तयार केलेला क्रेस्कोग्राफ वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी. बसूंच्या मापनानुसार रोपाची वाढ सेकंदाला सरासरी इंचाचा एक लाखावा भाग असते. दहा हजार पटींनी ती सेकंदाला एक दशांश इंच होते आणि डोळ्यांना दिसते. फाळक्यांच्या मिनिटभराच्या चित्रपटात महिना मावला. तीस दिवसांत ४३,२०० मिनिटे असतात, म्हणजे काळ ४३,२०० पटींनी आकसला. बसूंनी अंतर ताणले, फाळक्यांनी काळ आवळला. वेग म्हणजे अंतर भागिले काळ. वेग दिसण्याइतका वाढवायचा तर अंशाला मोठे करा किंवा छेदाला लहान करा! सातवीच्या मुलालाही समजेल असा हा भागाकार दोन भारतीयांनी दोन टोकांकडून सोडवला.

तारखेचे मोल

फाळक्यांच्या वाटाण्यात जे तत्त्व आहे तेच मोठ्या काळासाठी वापरले तर काय होते? एकच झाड, एकच जागा, ठराविक दिवस आणि वर्षानुवर्षांची चित्रे. याची किंमत लक्षात यायला विसावे शतक संपावे लागले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल गावच्या दफनभूमीत ३० मे १८६८ रोजी एक छायाचित्र घेतले गेले. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा तो दिवस होता. झाडांकडे कोणाचे लक्ष असण्याचे कारण नव्हते. पण मागे झाडे उभी आहेत आणि त्यांवर पाने नाहीत. २००५ मध्ये त्याच तारखेला, त्याच जागेवरून चित्र घेतले तेव्हा झाडे पानांनी भरलेली होती. रिचर्ड प्रायमॅक आणि सहकाऱ्यांनी अशी जुनी छायाचित्रे व वाळवलेल्या फांद्यांचे कागद एकत्र तपासले आणि हवा तापत गेली तशी पालवी व फुले लवकर येऊ लागल्याचे २००६ मध्ये दाखवून दिले. ज्याने १८६८ चे चित्र काढले त्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने तारीख राखली, एवढे पुरे झाले.

छायाचित्र नसतानाही तारखा कामाला येतात. इंग्लंडमधील रॉबर्ट मार्शम याने १७३६ पासून वसंताच्या खुणा नोंदायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालवले. जपानमधील क्योटो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या रोजनिश्यांतून गोळा केल्या गेल्या आहेत. २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चला पूर्ण भरात आला. त्याआधीच्या बाराशे वर्षांत तो इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. सजीवांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या घडामोडींच्या या अभ्यासाला फिनॉलॉजी म्हणतात.

आपल्याकडे २०१० च्या सुमारास 'सीझनवॉच' हा उपक्रम सुरू झाला. त्यात सामान्य माणसे आणि शाळकरी मुले एकेक झाड निवडतात व पालवी, फुले, फळे यांची आठवड्याला नोंद करतात. केरळातील शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला आहे.

मेढ्याने काय करावे

कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरलेल्या पश्चिम घाटात झाला. पठारावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. वायतुऱ्याला तर शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव मिळाले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १९८२ मध्ये केले. दर हंगामात तिथे छायाचित्रांचा पाऊस पडतो. गर्दी इतकी वाढली की प्रवेशशुल्क आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. चांगल्या चित्रासाठी ताटव्यात बसणारा माणूस पुढच्या वर्षीचे बी टाचेखाली चिरडत असतो, हे मुलांना सांगितले पाहिजे. आणि एवढी चित्रे निघूनही त्यांतली फार थोडी अभ्यासाच्या उपयोगाची असतात. एकाने एकदा, कुठूनतरी काढलेले चित्र दुसऱ्याच्या चित्राशी ताडून पाहता येत नाही. मोबाइलवरून चित्र पुढे पाठवले की सोबतची तारीख-वेळेची नोंदही बहुधा गळून पडते. दापोडीच्या अनाम चित्रकारापाशी कॅमेरा नव्हता, आपल्यापाशी तो प्रत्येकाच्या खिशात आहे. पण चित्राला दिवस आणि जागा नसेल तर आपण त्याच्या पुढे गेलो असे म्हणता येणार नाही.

पर्यटक हंगामापुरता येतो. वर्षभर तिथे राहते ती शाळा. म्हणून आम्ही मेढा आणि आसपासच्या शाळांना तीन कामे सुचवतो. इतर गावांनी आपापली झाडे घ्यावीत.

पहिले काम एका महिन्याचे. कुंडीत वाटाणा, मटकी किंवा हुलगा पेरावा. मोबाइल लाकडी चौकटीत घट्ट बसवावा आणि दर अर्ध्या तासाने एक चित्र घ्यावे. मागे पांढरा कागद व शेजारी पट्टी उभी करावी. चित्रे ओळीने भरभर दाखवली की शेंड्याच्या गिरक्या दिसतात. सोबत वरील गणित सोडवून घ्यावे.

दुसरे काम दरवर्षीचे. शाळेजवळचा एक पळस, एक कोशिंब आणि एक आंबा निवडावा. जिथून चित्र घ्यायचे तिथे दगड पुरून खूण करावी. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच दगडावर उभे राहून चित्र घ्यावे आणि मागे डोंगराची कडा येईल असे पाहावे. कड्यावरून जागा पुन्हा जुळवता येते. पहिली कळी, निम्मे झाड फुललेले, पहिली पालवी आणि पहिले फळ यांच्या तारखा वहीत लिहाव्यात. त्याच वहीत पावसाची नोंदही असावी. ही नोंद पाच-दहा वर्षांची झाली तर बहर पुढे-मागे सरकतो आहे का, हा प्रश्न विचारता येईल. दोन वर्षांच्या नोंदीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. एखादे वर्ष लहरी असते.

तिसरे काम सात वर्षांचे. कासवरची टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा सामूहिकपणे फुलते. मधल्या वर्षांत तिच्याकडे कोणी फिरकत नाही. पायवाट न सोडता दिसेल असे एक झुडूप निवडून त्याचे दर महिन्याला एक चित्र घ्यावे. बहराच्या वर्षी जो मुलगा पहिलीत असेल तो पुढच्या बहराला आठवीत असेल. एवढ्या काळात शिक्षकाची बदली झालेली असते, मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात. तेव्हा ही नोंद शिक्षकाच्या मोबाइलमध्ये राहून उपयोग नाही. ती शाळेची मालमत्ता झाली पाहिजे. हजेरीपत्रकाप्रमाणे तिची जडसंग्रहात नोंद व्हावी आणि कार्यभार सोपवताना ती पुढच्याच्या हाती द्यावी. चित्रांच्या छापील प्रती वर्षातून एकदा काढून ठेवाव्यात. यंत्रे बदलतात, कागद टिकतो.

वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने पुरेत : झाड, जागा, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव. शेवटचा रकाना विसरू नये. दापोडीच्या चित्रकाराचे नाव आज कोणाला सांगता येत नाही, पण मेढ्याच्या आठवीतील मुलीचे नाव तरी पन्नास वर्षांनी वाचता यावे.